मडीच्या दिवशीचं पाणी

अम्मांच्या पायाच्या अंगठ्याला चुना दिसला की मी समजायचे, यांना पुन्हा लघवीचा त्रास सुरू झाला. मैलापुरातल्या आमच्या गल्लीत निम्म्या बायकांचा हाच इलाज होता. जळजळ व्हायला लागली की ‘सूडु’ झालं म्हणायचं, म्हणजे अंगात उष्णता शिरली म्हणायचं, आणि विड्याच्या पानाला लावतात तो ओला चुना अंगठ्याच्या नखाभोवती फासायचा. मी साताऱ्याकडची. लग्न होऊन चेन्नईला आले त्या पहिल्या महिन्यात सासूबाईंचा पांढरा अंगठा बघून मी नवऱ्याला विचारलं होतं, की घरात रंगकाम चाललंय आणि मला कुणी सांगितलं नाही का. नवरा हसला नाही. अम्माला सूडु झालंय, एवढंच म्हणाला आणि कंपनीच्या बसकडे पळाला. ओरगडमच्या ट्रकच्या कारखान्यात तो तेव्हाही होता, आजही आहे, आणि अवघड विषय निघाला की बस पकडायची त्याची सवयही तशीच आहे.

घर तंजावरी मराठी. यांचे पूर्वज कधीकाळी तंजावरच्या राजांच्या चाकरीत आले, पुढच्या पिढ्या नोकऱ्यांसाठी चेन्नईला आल्या, आणि येताना भाषा आणि देव तेवढे बरोबर घेऊन आल्या. अम्मांचं बोलणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, एखादी बखर तमिळ हेल काढून वाचते आहे. माझं बोलणं त्यांना रेडिओवरच्या बातम्यांसारखं वाटे. इतकं भराभर बोलून कोठे पोचायचं आहे तुला, असं त्या विचारायच्या. मला नाकावर राग, त्यांना कशाचाच राग नाही. त्यामुळे आमची भांडणं एकतर्फी व्हायची आणि मीच दमायचे.

त्यांना मधुमेह माझ्या लग्नाच्या आधीपासूनचा. आधी गोळ्या, मग इन्सुलिन. पथ्याला त्या इतक्या पक्क्या होत्या की आम्हालाच लाज वाटावी. लग्नाकार्यात पायसमची वाटी पुढे आली की तिच्यावर हात आडवा धरायच्या, संध्याकाळी देवळाच्या तळ्याभोवती फेऱ्या घालायच्या, सुई स्वतःच्या हाताने टोचून घ्यायच्या. गल्लीच्या तोंडाशी दवाखाना असलेल्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना बजावलं होतं, की तुमच्या लघवीत साखर उतरते, जंतूंना ती आवडते, तेव्हा पाणी भरपूर प्या आणि लघवी तुंबवून ठेवू नका. अम्मांनी ते ऐकलं आणि पाळलंही. फक्त तिथीचा दिवस त्यातून वगळला.

तिथी म्हणजे श्राद्ध. माझ्या सासऱ्यांचं, त्यांच्या आईचं, वडिलांचं, शिवाय पितृपक्षातलं. त्या दिवशी अम्मा मडीत असायच्या. मडी म्हणजे आपलं सोवळंच, पण माझ्या माहेरी ते केव्हाच संपलं होतं आणि इथे ते जिवंत होतं. आदल्या दिवशी धुतलेलं नऊवारी छताजवळच्या वेळूवर काठीने वाळत टाकलेलं असे, त्याला कुणी शिवायचं नाही. पहाटे अंघोळ करून अम्मा ते नेसायच्या आणि थेट चुलीपाशी, म्हणजे आमच्या फ्लॅटमधल्या गॅसपाशी, उभ्या राहायच्या. कच्च्या केळ्याची भाजी, कारलं, उडदाचे वडे, तिळाचे लाडू, पायसम, सगळं एकटीने. वाध्यार म्हणजे आमचे गुरुजी आणि त्यांच्याबरोबरचे ब्राह्मण जेवून उठेपर्यंत पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. सकाळची इन्सुलिनची सुईही नाही. आणि संडास-बाथरूमला जायचं नाही, कारण गेलं की मडी मोडली. मग पुन्हा अंघोळ, पुन्हा दुसरं मडीचं लुगडं, आणि वेळूवर तर एकच असे. पहाटेपासून दुपार कलेपर्यंत त्या तशाच उभ्या असायच्या. लघवी होऊच नये म्हणून आदल्या संध्याकाळपासूनच पाणी तोडायच्या.

तिथी झाली की दोन-चार दिवसांत अंगठ्याला चुना. ही जोडी माझ्या लक्षात यायला काही वर्षं लागली, कारण घरात यावर कुणी बोलतच नसे. लक्षात आल्यावर मात्र मी तोंडाचा पट्टा सोडला. मडी कुणी सांगितली, का सांगितली, नळ नव्हते तेव्हाचं सगळं आता कशाला, असं मी बँकेतून आल्या आल्या पर्स खांद्यावर ठेवूनच सुरू करायचे. अम्मा ऐकून घ्यायच्या. शेवटी ‘सरी’ म्हणायच्या. तमिळमधलं हे सरी म्हणजे बरं. त्या शब्दात होकार किती आणि विषय संपला किती, हे मला कधी कळलं नाही. पुढच्या तिथीला लुगडं पुन्हा वेळूवर असायचंच.

नवऱ्याला मी म्हटलं, तुम्ही वाध्यारांना विचारा, आजारी बाईला काही सवलत असेलच ना. तो धोतर सावरत म्हणाला, लघवीचं वाध्यारांशी कसं बोलायचं. ट्रकचं इंजिन उघडून त्याच्या कुठल्याही नळीबद्दल तास तास बोलणारा माणूस. आईच्या शरीरातल्या एका नळीचं नाव त्याच्या तोंडून निघेना.

आणि तरी सवलत नव्हती असं नाही. ती मी स्वतः भोगली होती. मुलगी पोटात होती तेव्हा सासऱ्यांची तिथी आली. मीही हौसेने, खरं म्हणजे जरा हट्टाने, मडीत उभी राहिले. माझं मधूनमधून पाय बदलणं अम्मांनी पाहिलं. वडे तळता तळता, मान न वळवता त्या म्हणाल्या, ‘जा गे. पाय धू, चूळ भर आणि ये. पोटुशीला मडी मोडत नाही.’ मी गेले, आले, आणि तिळाचे लाडू वळायला बसले. कुणाला काही कळलं नाही, कुणाचं काही बिघडलं नाही. त्या सकाळी त्यांनी मला तीनदा-चारदा तरी पाठवलं असेल. स्वतः मात्र झारा घेऊन जागच्या हलल्या नाहीत. मला तेव्हा वाटलं, सासूबाई फार मोठ्या मनाच्या आहेत. ते खरंच होतं, पण त्याच्या पलीकडचं मला दिसलं नाही.

असं बरंच चाललं. अधूनमधून ताप यायचा, डॉक्टरीणबाई लघवी तपासायला पाठवायच्या, गोळ्यांचा कोर्स व्हायचा, बरं वाटायचं. मग एका वर्षी अम्मा मला आनंदाने म्हणाल्या, की आता देवानेच सोय केली. मडीत असताना मला जावंसंच वाटत नाही. पूर्वी पोटात कळ यायची, आता दिवसभर काही नाही. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं, जणू इतक्या वर्षांचं काहीतरी पदरात पडलंय. मी त्यांना म्हटलं, चला, देवाला एकदाची दया आली. आम्ही दोघी हसलो. त्या हसण्याची आठवण आली की मला आजही कसंतरी होतं.

तो देव नव्हता, मधुमेह होता. इतक्या वर्षांच्या साखरेने मूत्राशयाच्या नसा बधिर झाल्या होत्या. भरलं तरी कळत नव्हतं, आणि गेलं तरी पुरतं रिकामं होत नव्हतं. हे सगळं आम्हाला नंतर कळलं, हॉस्पिटलच्या मोठ्या डॉक्टरांनी कागदावर पावट्याच्या दाण्यासारखी दोन मूत्रपिंडं आणि खाली एक पिशवी काढून दाखवली तेव्हा. त्या वेळी आम्ही खूश होतो, कारण अंगठ्याला चुना दिसत नव्हता. मी तर रोज सकाळी कॉफी देताना आधी त्यांच्या पायाकडे बघायचे. अंगठा स्वच्छ असला की माझा जीव भांड्यात पडायचा.

सासऱ्यांची तिथी आमच्याकडे ऐन उन्हाळ्यात येते. इथे त्या दिवसांना कत्तिरी म्हणतात. सकाळी आठलाच भिंती तापतात आणि समुद्राचा वारा दुपारशिवाय फिरकत नाही. त्या वर्षी तिथीच्या आदल्या आठवड्यात अम्मा जरा गप्प गप्प होत्या. खाणं कमी झालं होतं. ताप नव्हता, जळजळ नव्हती, मी मुद्दाम विचारलं होतं. उन्हाने होतं असं, म्हणाल्या. मी अंगठा पाहिला, स्वच्छ होता, आणि बँकेत गेले.

तिथीच्या दिवशी पहाटे त्या नेहमीसारख्या मडीत उभ्या राहिल्या. पण हात चुकत होता. केळ्याच्या भाजीत मीठ घातलं आणि पुन्हा मिठाच्या डब्याकडे वळल्या. मी अडवलं, तर माझ्याकडे ओळख नसल्यासारखं पाहिलं. कपाळावर घाम होता आणि त्या मात्र थंडी वाजल्यासारख्या पदर लपेटत होत्या. मी बाहेर येऊन नवऱ्याला खुणावलं, पण तो होमापाशी बसला होता आणि मंत्र मध्येच तोडता येत नव्हते. पानं मांडली गेली. ब्राह्मण बसले. अम्मा वाढायला वड्यांचं ताट घेऊन स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आल्या आणि तिथेच थबकल्या. पानांवरून त्यांची नजर फिरली. मग त्यांनी मला विचारलं, अगदी शांतपणे, ‘हे कोठे राहिले? हाक मार त्यांना. पानं वाढली म्हणून सांग.’

‘हे’ म्हणजे माझे सासरे. ज्यांची तिथी होती ते.

वाध्यारांचा हात पानावरच थांबला. नवऱ्याने मान वर केली आणि त्याचं तोंड असं झालं, जणू या माणसाला आता कुठलीच बस मिळणार नाही. मी पुढे झाले आणि अम्मांच्या हातातलं ताट घेतलं. मडी नसताना त्यांना शिवले. त्यांचा हात भट्टीसारखा भाजत होता. त्या माझ्या खांद्यावर कलल्या. वाढायचं काम शेजारच्या घरातल्या एका मामींनी पुरं केलं आणि आम्ही दोघं अम्मांना त्याच लुगड्यात टॅक्सीत घालून हॉस्पिटलला निघालो.

मूत्रमार्गातला जंतुसंसर्ग वर चढून मूत्रपिंडात गेला होता आणि तिथून रक्तात. डॉक्टर म्हणाले, मधुमेहाच्या वयस्क रुग्णांत जळजळ होतेच असं नाही, सुरुवातीला ताप चढतोच असं नाही, कधी नुसतं बोलणं असंबद्ध होतं आणि तोवर पाणी डोक्यावरून गेलेलं असतं. अम्मा बरेच दिवस अतिदक्षता विभागात होत्या. वाचतील का याची खात्री कुणी देईना. नवरा बाहेरच्या बाकावर बसून राहायचा. मी त्याला काही बोलले नाही. बोलायला हवं होतं त्या वेळी पुष्कळ बोलले होते, आणि आता त्याचा काही उपयोग नव्हता.

त्या वाचल्या. शुद्धीवर आल्यावर त्यांचं पहिलं लक्ष कशाकडे गेलं, तर खाटेला लटकवलेल्या लघवीच्या पिशवीकडे. भेटायला कुणी आलं की त्या चादरीचं टोक ओढून ती झाकायच्या. आयुष्यभर जी गोष्ट कुणाच्या कानावर जाऊ दिली नाही, ती आता सगळ्यांच्या डोळ्यांसमोर टांगलेली होती. मी पिशवीवर माझी ओढणी टाकून ठेवायला लागले. नर्स येऊन काढायची, मी पुन्हा टाकायची.

जनरल वॉर्डात आणल्यावर एका दुपारी मी त्यांचे केस विंचरत होते. आम्ही दोघीच होतो. माझा राग तोवर निवला होता, किंवा भीतीने बसला होता. मी त्यांना विचारलं, की मला तेव्हा पाठवलंत ना तुम्ही, पोटुशीला मडी मोडत नाही म्हणालात. मग आजारी माणसाची मोडते का?

‘नाही मोडत,’ त्या लगेच म्हणाल्या. ‘माझ्या वेळेसही मोडली नाही. हा पोटात होता तेव्हा सासूबाईंनी मज सांगितलं, जा, पाय धू आणि ये.’

‘मग तुम्ही का नाही गेलात?’

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, दमल्या. मग म्हणाल्या, ‘आपली आपण कशी सूट घ्यायची गे? मोठ्या बाईनं सांगायास पाहिजे. सासूबाई गेल्या. माझ्यावर मोठं कोण होतं?’

इतकी वर्षं मी त्यांच्याशी मडी चूक का बरोबर यावर वाद घालत होते आणि त्या वाद घालतच नव्हत्या. त्या वाट बघत होत्या. घरात कुणीतरी मोठं असावं आणि चुलीपाशी येऊन नुसतं ‘जा’ म्हणावं, एवढीच त्यांची अडचण होती. त्या घरातल्या सगळ्यांत मोठ्या झाल्या त्या दिवसापासून त्यांना ते म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. तंजावरला नवऱ्याची एक लांबची आत्या होती, नव्वदीच्या घरातली, चांगली खणखणीत. दर पोंगलला आम्ही तिच्याशी फोनवर बोलायचो. तिला सांगितलं असतं तर तिने एका वाक्यात सोडवलं असतं. आम्ही हॉस्पिटलमधून घरी आलो त्याच्या आधीच्या पोंगलला ती गेली होती. ती होती तोवर कुणाला सुचलंच नाही. सुचण्यासाठी आधी कुणीतरी कुणाला तरी विचारायला हवं होतं.

अम्मांची मूत्रपिंडं मधुमेहाने आधीच थकली होती, या दणक्यातून ती पुन्हा उभी राहिली नाहीत. आता आठवड्यातून ठरलेल्या वारी डायलिसिस असतं. नवरा कंपनीकडून वेळ बदलून घेऊन त्यांना नेतो आणि, खोटं कशाला बोलू, हल्ली तो नर्सशी आईच्या लघवीबद्दल इतकं मोकळेपणाने बोलतो की अम्माच त्याला गप्प बसवतात. लघवी आता होते तरी किती. आणि म्हणून पाणीही बेतानेच. डॉक्टरांनी दिवसाचं पाणी ठरवून दिलंय. मी सकाळी एक बाटली भरून त्यांच्या उशाशी ठेवते. औषधाचा घोट, कॉफी, ताक, सगळं त्यातूनच वजा. ज्या बाईच्या मागे मी ‘पाणी प्या, पाणी प्या’ करत फिरले, तिच्या पाण्यावर आता माझाच पहारा आहे. कधी कधी त्या नळाखाली हात धरून नुसत्या उभ्या राहतात. भांडी घासायची आहेत का असं मी विचारत नाही.

या वर्षीची तिथी आम्ही घरी केली नाही. मठात सगळी व्यवस्था असते, स्वयंपाकही तिथलाच. अम्मांना आम्ही खुर्चीवर बसवून नेलं. लुगडं साधं, वेळूवरचं नव्हे. वाध्यारांनी त्यांना आपणहून पंख्याखाली जागा करून दिली. इतक्या तिथ्यांत त्या पहिल्यांदाच काही न करता बसल्या होत्या. वडे दुसऱ्याच कुणाच्या हातचे, जरा जाड. त्यांनी ते लांबूनच पाहिलं आणि माझ्याकडे बघून किंचित नाक मुरडलं. मला बरं वाटलं. मी त्यांच्याजवळ जाऊन हळूच विचारलं, बाथरूमला जायचंय का, इथे मागेच आहे. त्या म्हणाल्या, आता कोठलं.

ऊन खूप होतं. बाटली त्यांनी सकाळपासून पुरवून पुरवून वापरली होती, तरी ब्राह्मण बसायच्या आतच संपली. पंगत चालू झाली. मठातला वाढपी गार पाण्याची झारी घेऊन पानांमधून फिरत होता, पेल्यांत पाणी पडल्याचा आवाज येत होता. अम्मांची नजर त्या झारीबरोबर या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. मग त्यांनी माझा पदर धरून मला खाली वाकवलं.

‘मोठं आता तूच ना गे घरात,’ त्या कानाशी म्हणाल्या. ‘एक घोट घेऊं?’

कुणाकडून तरी सूट मागायची त्यांची ही पहिली वेळ. मी त्यांचा हात हातात घेतला आणि नाही म्हणाले.